‘खरं दुःख मात्रा मोजत नाही’ म्हणणाऱ्यांना

शोककवितेबद्दल एक मत हल्ली सर्रास पुढे ढकललं जातं. खरं दुःख मात्रा, म्हणजे अक्षरांच्या उच्चाराची लांबी, मोजत बसत नाही. यमक जुळवणाऱ्याला रडू आलेलंच नसतं. आणि वृत्त वापरायचंच तर करुणेला मंदाक्रांता एवढं एकच. मला यातलं एकही पटत नाही.

पहिलं घ्या. रेव्हरंड टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ कित्येक पिढ्यांनी पाठ केली. रक्तबंबाळ पक्षीण घरट्याकडे परतते आहे:

‘क्षणोक्षणि पडे, उठे, परि बळें उडे बापडी’

वृत्त पृथ्वी, ओळीत 17 अक्षरं, आठव्यावर यती, म्हणजे विराम. मोठ्याने म्हणून पाहा. ‘उठे’पाशी थांबावं लागतं आणि दम घेऊनच ‘परि बळें’ म्हणता येतं. पडे, उठे, बळें, उडे, या चारही शब्दांत आधी लघू म्हणजे आखूड अक्षर, मग गुरू म्हणजे लांब. पंख उचलायचा, की लगेच सगळा भार. तिची धडपड म्हणणाऱ्याच्या छातीत उतरते ती या मोजलेल्या अक्षरांमुळेच. आणि मयताच्या घरी बायका हेल काढून रडतात, त्या हेलालाही लय असते. ते रडणं खोटं म्हणायची कुणाची छाती होईल?

आता यमक. गोविंदाग्रजांच्या कवितेतली आई मूल गेल्याचं मान्यच करत नाही: ‘हें कोण बोललें बोला? राजहंस माझा निजला!’ दोन्ही चरण 14 मात्रांचे. लोक काहीही सांगोत, यमक तिला पुन्हा ‘निजला’वरच आणून सोडतं. ते काढून टाका, तिचा हट्टच नाहीसा होईल. यमक हवंच असं मात्र नाही; कालिदासाच्या अजविलापाला, म्हणजे राणी गेल्यावर अज राजाने केलेल्या शोकाला, अंत्ययमक नाही, काही अडत नाही.

मंदाक्रांतेचा समज त्याच वृत्तातल्या ‘मेघदूता’मुळे पसरला असावा. पण यक्षाची बायको जिवंत आहे, तो विरह आहे. इंदुमती मेल्यावर अज आक्रोश करतो तिथे, ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात, कालिदासच वियोगिनी हे वृत्त घेतो: एका चरणात 10 अक्षरं, पुढच्यात 11. ‘कुमारसंभवा’त रतीच्या विलापालाही तेच वृत्त. अकराव्या शतकातला संस्कृत काव्यशास्त्रकार क्षेमेंद्र मंदाक्रांता सुचवतो ती पावसाळा, प्रवास आणि विपत्तीसाठी. पृथ्वी त्याने दिली आहे आक्षेप, क्रोध आणि धिक्काराला. टिळकांनी ते वाचून वृत्त निवडलं असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या कवितेचं नाव पाहा: तिथे शोकाच्याही आधी धिक्कार उभा आहे.