वय: उणे ३

ग्राहकाच्या नावाची कमाल लांबी ५० वरून ८० अक्षरं करायची होती. कोडमध्ये साइजच्या ॲनोटेशनमधला, म्हणजे नावाला चिकटवलेल्या लांबीच्या नियमातला, एक आकडा बदलून बिल्ड लावला, म्हणजे ॲप नव्याने बांधून घेतलं, की काम संपलं. पण सर म्हणाले, "दर वेळी आकड्यापायी बिल्ड कशाला? नियम बाहेर काढा, एक्सएमएल फाइलमध्ये ठेवा." मीटिंग संपत आली होती, मीही मान डोलावली.

जावा भाषेच्या बीन व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे भरलेली माहिती तपासायच्या यंत्रणेत, ही सोय २००९ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मेटा-इन्फ फोल्डरमध्ये व्हॅलिडेशन डॉट एक्सएमएल, त्यात मॅपिंग फाइलचा पत्ता, त्या फाइलमध्ये क्लास (ग्राहकाच्या माहितीचा साचा), क्लासच्या पोटात फील्ड (एक रकाना), फील्डच्या पोटात कन्स्ट्रेंट (नियम), आणि त्याच्याही पोटात आपला ८०. पहिल्या खेपेला फील्डचं स्पेलिंग चुकलं, तर ॲप सुरूच होईना. एक्सेप्शनने, म्हणजे एररने, लॉग भरून टाकला. स्पेलिंग सुधारलं. सगळं शांत.

दुपारी टेस्टिंगवाल्या मॅडमचा स्क्रीनशॉट आला. नोंदणी यशस्वी. ईमेल: 'नाही सांगत'. वय: उणे ३. म्हणजे गृहस्थ जन्माला यायला अजून तीन वर्षं होती, पण नोंदणी वेळेत. नाव: नल, म्हणजे काहीच नाही. खाली एकच ओळ, "हे असंच हवंय का?"

वयाला तर मी हातही लावला नव्हता! कोडमध्ये 'मिन' शून्य, म्हणजे किमान वय शून्य, डोळ्यांसमोर दिसत होतं. क्लीन बिल्ड केला, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि सगळे उपाय थकल्यावर डॉक्युमेंटेशन वाचलं. एक्सएमएलमध्ये क्लासचं नुसतं नाव घेतलं, की 'इग्नोर-ॲनोटेशन्स' आपोआप ट्रू, म्हणजे कोडमधल्या त्या क्लासच्या ॲनोटेशन्सकडे दुर्लक्ष. एका आकड्याला घरात घेतलं, तर त्याने येता येताच बाकी सगळ्यांचं सामान बाहेर काढलं होतं. चुकलो तेव्हा केवढी बोंब. बरोबर लिहिलं तेव्हा मात्र तोंडात मिठाची गुळणी.

एकटा ८० इमानेइतबारे ड्यूटीवर होता. मग त्याने नल कसा सोडला? तर साइजच्या लेखी नल चालतो. जे नाव मुळात नाहीच, ते ८० अक्षरांच्या वर जाणार कसं? यात खोट काढता येईना.

'इग्नोर-ॲनोटेशन्स'पुढे 'फॉल्स' लिहिलं. उणे वयाचे गृहस्थ अडले, मॅडम खूश. मग मी ६० अक्षरी नाव टाकून पाहिलं. तेही अडलं! आता कोडमधला ५० आणि फाइलमधला ८० दोघेही दारात उभे, आणि दोघांचंही ऐकायचं. शेवटी कोडमधला ५० काढून टाकला आणि बिल्ड लावला.

मागून सर आले. "बिल्ड कशाला चाललाय?"