कंसवध

तुम्ही एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, लिहिता ना? मग कंस अजिबात टाकू नका. कंस भित्र्यांनी टाकावा. कंस नसला की डेटाबेस कुठल्या क्रमानं जोडतो, तुम्हाला तर पाठच आहे: आधी नॉट (नाही), मग अँड (आणि), शेवटी ऑर (किंवा). मलाही पाठ होतं.

तरी मी लिहिलं होतं, शहर = 'नागपूर' ऑर शहर = 'वर्धा' अँड थकबाकी > 0. वाचायला किती गोड! दोन्ही गावचे थकबाकीदार. डेटाबेसनं वाचलं ते असं: वर्ध्याचे थकबाकीदार, आणि नागपूरचे झाडून सगळे. नोटिसा गेल्या. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीतले एक काका कॅरीबॅगभर पावत्या घेऊन हजर. नोटीस टेबलावर पसरली, 'रु. 0.00' वर बोट ठेवलं. "काऊन रे बाबू, शून्य रुपये सात दिवसांत भरा म्हणते. चिल्लर नाही ना माझ्याजवळ."

ठेल्यावर जाऊन म्हणा, "पोहे नाहीतर समोसा अन् तर्री." ठेलेवाला पळी हवेतच थांबवून विचारेल, "तर्री दोन्हीवर का भाऊ?" डेटाबेस असलं काही विचारत बसत नाही. तर्री समोशावर, पोहे कोरडे, पुढचं गिऱ्हाईक. उगाच नाही एवढा वेगवान.

तपासायचंच असेल तर चाचणीच्या डेटात फक्त थकबाकीदार ठेवा. उत्तर हमखास बरोबर येतं.

एका डेटाबेसमधलं दुसऱ्यात बिनधास्त चिकटवा. ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये दोन उभ्या दांड्या (||) अक्षरं जोडतात. मायएसक्यूएलमध्ये, सेटिंग बदललं नसेल तर, त्याच दांड्या म्हणजे ऑर. नाव-आडनाव जोडायला गेलात की गिऱ्हाइकाचं नाव पडतं शून्य. (काकांना सांगायला हवं.) शिवाय मायएसक्यूएलच्या काही जुन्या आवृत्त्यांत 'नॉट अ बिटवीन ब अँड क' (अ हा ब ते क यांच्यामध्ये नाही) मधला नॉट आधी एकट्या 'अ'लाच चिकटायचा. पुढे ते सुधारलं, पण जुन्या वळणाची सवय झालेल्यांसाठी 'हाय नॉट प्रेसिडेन्स' नावाचा मोड ठेवलाय. याला म्हणतात माया.

एवढं जमलं की डिलीटकडे वळा. दोन्ही गावचे बाकी नसलेले जुने खातेदार खोडायला बसा, कंस न टाकता. अख्खं नागपूर जाईल, काकांसकट. मग ते पावत्या घेऊन आले, की स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची: "काका, तुम्ही आमचे गिऱ्हाईकच नाही."