ओटीवरचा प्लग

गुहागरजवळच्या आमच्या घराचं वायरिंग यंदा मे महिन्यात नवं करून घेतलं. ओटीवरचा सागवानी बोर्ड उतरवण्याआधी चुलतभावाने त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. बेकलाइटचे काळे गोल खटके, चिनीमातीचे फ्यूज आणि मधोमध दोनच भोकांचा गोल प्लग. लगेच बदामांचा पाऊस. "काय मजबूत वस्तू असायच्या!" "जपून ठेवा रे." खोटं कशाला बोलू, एक बदाम माझाही होता.

मग वायरमनबरोबर घरभर फिरले आणि मोजलं. मूळचे प्लग तीन. एक ओटीवर, जमिनीपासून पाच फुटांवर, कारण रेडिओ फळीवर असायचा. दुसरा आजोबांच्या खोलीत, टेबलफॅनसाठी. तिसरा देवघराच्या चौकटीपाशी, गणपतीतल्या तोरणांसाठी. बाकी वर्षभर रिकामा. स्वयंपाकघरात एकही नाही. तिथे फक्त एक बल्ब, तोही धुराने पिवळा पडलेला.

कोयनेची वीज पोफळीला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, 1960 च्या दशकात तयार व्हायला लागली. आमच्या वाडीत खांब यायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली. इतकी वाट पाहून आलेली वीज घरात कुठे न्यायची, हे ओटीवर बसून ठरलं. चुलीशी बसणाऱ्या बाईला कुणी विचारलं नसणार.

आईचा मिक्सर आला तेव्हा त्याला जागाच नव्हती. ओटीवरच्या प्लगमधून वायर उंबऱ्यावरून माजघरात यायची आणि स्टुलावर मिक्सर. ओटीवर पाहुणे बसले की वाटण थांबायचं. मिक्सरची पिन तीन पायांची, प्लग दोन भोकांचा, म्हणून मध्ये कन्व्हर्टर. पिनेचा तिसरा पाय जाड आणि लांब असतो तो उगाच नाही. तो अर्थिंगचा, लांब असल्यामुळे आत शिरताना सगळ्यात आधी टेकतो आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतो. यंत्राच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीकडे जायची वाट हवी, म्हणून. कन्व्हर्टरने तीच वाट बंद केली. पावसाळ्यात ओल्या हाताने मिक्सरला हात लावला की आईला झिणझिण्या यायच्या. "पायात चप्पल घाल," एवढाच आमच्या घरचा उपाय.

गोल पिनांची ही पद्धत इंग्रजांची. बीएस 546 हे त्यांचं मानक 1934 चं. 1947 मध्ये त्यांनी स्वतःसाठी चौकोनी पायांची, आत फ्यूज असलेली पिन आणली; आपण गोल पिनेवरच राहिलो. त्यात वाईट काही नाही, तीन पायांची गोल पिन उत्तम चालते. छोटी 5 अँपिअरची, मोठी 15 ची. आता त्यांना 6 आणि 16 म्हणतात. गोची दोन भोकांची आहे.

आणि ते मजबुतीचं. बेकलाइट खरंच वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून मागचंही सगळं शाबूत असेल असं वाटतं. वायरमनने बोर्ड उलटा केला. वायरीवरचं रबर बोट लागताच भुग्यासारखं गळलं. खाऱ्या हवेने पितळेच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या, ढिल्या. पिन नीट धरत नाही आणि तापते, ती अशानेच. फ्यूजमध्ये कुणीतरी चांगली जाड तार बांधून ठेवलेली. "ताई, हा फ्यूज जन्मात उडला नसता," तो म्हणाला. "घर उडलं असतं."

तेव्हा ज्यांच्या घरी असे बोर्ड आहेत त्यांनी फोटो जरूर काढावेत, पण चालू ठेवू नयेत. वायर आणि फ्यूज बदला, अर्थिंगचा खड्डा करून घ्या (जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं), गळती झाली की वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा ब्रेकर बसवा. आमचा जुना बोर्ड वायरी काढून परत ओटीवरच टांगलाय. दिसतो छान.

स्वयंपाकघरात पोहोचल्यावर वायरमनने खडू काढला आणि सवयीने माझ्या भावाकडे पाहून विचारलं, "दादा, उंची किती घेऊ?" भाऊ काही बोलायच्या आत आई ओट्याशी जाऊन उभी राहिली आणि भिंतीवर हात टेकवला.

"इथे. आणि चांगले चार घे."