एका पट्टीवर सगळ्या तपासण्या? फिरत्या संदेशातील दाव्यांचा प्रतिवाद

कोल्हापुरातल्या अनेक व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा की, लघवीच्या एका थेंबातून डोपामाइन (मेंदूत संदेश पोचवणारे एक रसायन), युरिक अॅसिड आणि ‘क’ जीवनसत्त्व वेगवेगळे ओळखणारी स्वस्त पट्टी आता निघाली आहे, तिच्यामुळे नैराश्य दोन मिनिटांत कळेल, आणि राजारामपुरीतल्या लॅबवाल्यांचे धाबे दणाणल्यामुळेच ही गोष्ट दाबून ठेवली जात आहे. संदेशात थोडे खरे विज्ञान आहे, आणि म्हणूनच तो शिकल्यासवरल्या माणसांनाही पटतो. त्यातले दावे एकेक करून तपासले पाहिजेत.

पहिला दावा असा आहे की, प्रत्येक रेणू आपल्या ठरलेल्या व्होल्टेजलाच करंट देतो, म्हणून ओळख पक्की. प्रत्यक्षात इलेक्ट्रोडला, म्हणजे पट्टीवरच्या विजेचा संकेत टिपणाऱ्या भागाला, एवढेच कळते की, या व्होल्टेजला कोणीतरी इलेक्ट्रॉन सोडला. तो कोणी सोडला हे त्याला सांगता येत नाही. साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर हे तिन्ही पदार्थ इतक्या जवळच्या व्होल्टेजला ऑक्सिडाइज होतात, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडतात, की, आलेखावर तीन शिखरांऐवजी एकच पसरट उंचवटा दिसतो. ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ राल्फ अॅडम्स यांनी १९७०च्या दशकात उंदराच्या मेंदूत कार्बनचा इलेक्ट्रोड बसवला, तेव्हा डोपामाइनचा माग काढताना अॅस्कॉर्बिक आम्लाचाच, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाचाच, संकेत वरचढ ठरत असल्याचे दिसून आले.

‘नॅनो लेपामुळे हा प्रश्न सुटला’ हा दुसरा दावा अर्धा खरा आहे, आणि खरी गंमत इथेच आहे. ग्राफीन, सोन्याचे नॅनोकण किंवा धातूंची ऑक्साइडे यांचा थर दिला की अॅस्कॉर्बिक आम्लाची मंद अभिक्रिया वेगवान होते, त्याचे शिखर कमी व्होल्टेजकडे सरकते आणि तिन्ही शिखरे सुटी दिसू लागतात. शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर आणि नॅनोपदार्थांवर वर्षानुवर्षे काम चालते; तिथल्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला असा आलेख अपरिचित नसेल. पण शिखरे सुटी झाली म्हणजे रेणू एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, असे मुळीच नाही. डोपामाइनने इलेक्ट्रॉन दिला की त्याचे क्विनोन बनते. शेजारचे अॅस्कॉर्बिक आम्ल त्या क्विनोनला इलेक्ट्रॉन परत देऊन पुन्हा डोपामाइन करते, आणि तोच रेणू इलेक्ट्रोडवर दुसऱ्यांदा मोजला जातो. त्यामुळे आदल्या रात्री ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतलेल्या माणसाचे डोपामाइन, ते तसूभरही वाढलेले नसताना, वाढलेले दिसू शकते.

यावर उपाय म्हणून इलेक्ट्रोडवर नॅफिऑनसारख्या ऋणभारित पटलाचा लेप देतात. तो ऋणभारित अॅस्कॉर्बेट आणि युरेट (अनुक्रमे अॅस्कॉर्बिक आम्ल आणि युरिक अॅसिड यांची द्रावणातली रूपे) यांना बऱ्याच अंशी अडवतो आणि धनभारित डोपामाइनला आत घेतो. मात्र अॅड्रेनालिन आणि नॉरअॅड्रेनालिन हेही धनभारित असतात, जवळपास त्याच व्होल्टेजला ऑक्सिडाइज होतात आणि लघवीत असतातच. विद्युतभार पाहून प्रवेश देणाऱ्या पटलाला या भावंडांमधला फरक कळत नाही.

तिसरा दावा ग्लुकोमीटरचा: ‘शुगर घरी तपासता येते, मग हे का नाही?’ ग्लुकोमीटरच्या पट्टीवर ग्लुकोज ओळखण्याचे काम एन्झाइम, म्हणजे ठरावीक रेणूवरच काम करणारे प्रथिन, करते. क्लार्क आणि लायन्स या अमेरिकी संशोधकांनी १९६२ साली मांडलेल्या कल्पनेचा गाभा हाच होता. तरीही फसगत होते. एका विशिष्ट एन्झाइमच्या पट्ट्या माल्टोजलाही ग्लुकोज समजत असत. पोटातून डायलिसिस करताना वापरल्या जाणाऱ्या आयकोडेक्स्ट्रिन या द्रावणापासून शरीरात माल्टोज तयार होते, आणि अशा खोट्या वाढीव आकड्यांवर इन्सुलिन दिल्याने झालेल्या मृत्यूंनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये जाहीर इशारा दिला. शिवाय प्रमाणाचाही प्रश्न आहे. उपाशीपोटी रक्तात डेसिलिटरला ९० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असते; रक्तातले मुक्त डोपामाइन त्याच्या कोट्यंशाहूनही कमी असते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत ‘चांगभलं’चा गजर चालू असताना एकट्याची कुजबुज टिपण्यासारखे हे काम आहे.

‘शोधनिबंधात ९९ टक्के अचूकता आली आहे’ हा दावा त्यातल्या त्यात सर्वांत फसवा आहे, कारण आकडा बहुधा खराच असतो. अशा निबंधांत पुष्कळदा लघवीचा नमुना बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पन्नास-शंभर पट पातळ करतात, त्यात मोजून डोपामाइन टाकतात आणि टाकलेल्यापैकी किती परत मोजले गेले ते टक्क्यांत देतात. नमुना पातळ केल्याने अडथळा आणणारे पदार्थ विरळ होतात. त्याबरोबर मुळातले डोपामाइनही पट्टीच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणजे हा टक्का संशोधकाने स्वतः टाकलेल्या डोपामाइनचा असतो. संशोधक यात लपवाछपवी करत नाहीत, पद्धत सगळी लिहिलेली असते. फिरत्या संदेशात तेवढा भाग गाळला जातो.

नैराश्याच्या दाव्याला फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. लघवीतले बहुतेक डोपामाइन मूत्रपिंडातच, रक्तातून आलेल्या एल-डोपा या पदार्थापासून, तयार होते, आणि मेंदूतले डोपामाइन रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडत नाही. केळी खाल्ल्यानेही लघवीतले डोपामाइन वाढू शकते. नैराश्याचे निदान डॉक्टर रुग्णाशी बोलून, लक्षणे आणि त्यांचा कालावधी पाहून करतात. लघवीतल्या डोपामाइनवरून ते करता येत नाही.

युरिक अॅसिडबाबत मात्र संदेशाला काही गुण दिले पाहिजेत. ते शरीरात भरपूर असते. दिवसभराच्या लघवीत ते साधारण २५० ते ७५० मिलिग्रॅम जाते, तर डोपामाइन अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. बोटाच्या रक्तातून युरिक अॅसिड मोजणारी घरगुती यंत्रे बाजारात आहेत आणि युरिक अॅसिडवरचे औषध चालू असताना अंदाज घेण्यापुरती ती उपयोगी पडतात. फक्त रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारून सोमवारी अंगठा सुजला आणि यंत्राने आकडा मर्यादेतला दाखवला, तर गाऊट (युरिक अॅसिडमुळे होणारा सांध्यांचा आजार) नाही असे ठरवू नये; ऐन दुखण्याच्या काळात रक्तातले प्रमाण मर्यादेत असू शकते.

राहिला लॅबवाल्यांच्या कटाचा दावा. डोपामाइन, अॅड्रेनालिन यांसारखी कॅटेकोलअमाइन मोजण्याच्या प्रस्थापित पद्धतींपैकी एका पद्धतीत आधी द्रव एका अरुंद स्तंभातून दाबाखाली पुढे ढकलला जातो, त्यात रेणू एकामागोमाग एक वेगळे होतात, आणि शेवटी ज्यावर त्यांची मोजणी होते तो कार्बनचा इलेक्ट्रोडच असतो. लॅबवाल्यांनी जे दाबून ठेवल्याचा आरोप आहे, ते त्यांच्या यंत्रात अनेक वर्षांपासून बसवलेले आहे. त्यांच्या तपासणीचा जास्तीचा खर्च मुख्यतः इलेक्ट्रोडच्या आधीच्या त्या वेगळे करण्याच्या टप्प्याचा असतो.