पूल उपसायच्या आधी विहिरीत डोकवा

परवा सकाळी नागावहून आतेभावाचा फोन आला. मागे मोटरचा आवाज. "दादा, स्विमिंग पूल उपसायला घेतलाय. लायनर वाळवून ठेवलं की दुप्पट टिकतं म्हणे." लायनर म्हणजे पूलच्या आतून बसवलेलं व्हिनाइलचं, म्हणजे एका प्लास्टिकचं, अस्तर. ऑगस्टचा पहिला आठवडा, चार दिवसांची संततधार नुकतीच थांबलेली, आणि हा वाडीतला पूल रिकामा करतोय. म्हटलं, आधी मोटर बंद कर, मग बोलू.

हे ज्ञान आलं 'लायनर बदलू नका, लूट ओळखा' या फॉरवर्डमधून. होमस्टेवाल्यांच्या तीन ग्रुपवर मलाही तो आलाय, शेवटी हात जोडलेले इमोजी आणि 'आपल्या माणसांना पाठवा'. त्यात पाच गोष्टी ठोकून दिल्यात. लायनर वीस वर्षं टिकतं, कारण वॉरंटीच तेवढी असते. पावसाळ्यात पूल रिकामा करून ते वाळवावं. पाणी घटतं ते उन्हाने. सुरकुत्या पडल्या तर बसवणाऱ्याला धरावं. रंग उडणं आणि चिरा पडणं नुसतं दिसण्यापुरतं.

यातला दुसरा मुद्दा ज्याने लिहिला त्याने कोकणातला पावसाळा बहुधा फोटोतच पाहिलाय.

जमिनीत बसवलेल्या पूलमधलं पाणी तळाला खाली दाबून धरतं आणि पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं पाणी त्याच तळाला वर रेटतं. आतलं उपसलं की उरतो फक्त रेटा. आतेभावाचा पूल वीस बाय दहा फूट, साडेचार फूट खोल. फोनवरच त्याला विहिरीत डोकवायला लावलं. पाणी जमिनीपासून तीन फुटांवर, म्हणजे पूलच्या तळापेक्षा दीड फूट वर. एवढ्या पाण्याचा रेटा दर चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या पुढे जातो. अख्ख्या तळाचा हिशेब केला तर साडेआठ टन. त्याच्यासमोर उभं कोण, तर अर्धा-पाऊण मिलिमीटरचं व्हिनाइल!

मी हे भोगलंय. २०१९ च्या जुलैत साफसफाईला आलेल्या माणसाने "एकदा पूर्ण उपसून धुऊ" म्हटलं, मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तळ गादीसारखा फुगलेला, पाय ठेवला तर डुचमळायचा. पुढे जमिनीतलं पाणी ओसरलं, लायनर खाली बसलं, पण जागेवर बसलं नाही. स्किमरच्या, म्हणजे वर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या, कोपऱ्याला फाटलं ते वेगळंच.

आणि वाळवून टिकायला ती काय आंबोशी आहे? व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य ऊन आणि क्लोरीनने वर्षागणिक कमी होत जातं. जुनं लायनर ताणून जागेवर धरायचं काम पाण्याचा भार करत असतो. तो काढून उन्हात उघडं टाकलं की ते आक्रसतं, कडक होतं, आणि पुन्हा पाणी भरताना कोपऱ्यात नाहीतर पायरीपाशी फाटतं. म्हणजे आयुष्य दुप्पट करायच्या नादात आहे तेही संपवायचं.

वॉरंटीचं म्हणाल तर माझ्या लायनरचा कागद मी जपून ठेवलाय. वर ठळक अक्षरात वीस वर्षं. खाली बारीक अक्षरात : पूर्ण भरपाई पहिली तीन वर्षं, नंतर दरवर्षी कमी होत जाणारा वाटा, तोही फक्त जोड उसवला तर. रंग उडणं, सुरकुत्या, रसायनांनी झालेलं नुकसान, मजुरी, काहीच धरलेलं नाही. आणि वेगळ्या चौकटीत : पूल पूर्ण रिकामा केल्यास वॉरंटी रद्द. फॉरवर्डचे पहिले दोन मुद्दे या एका कागदावर निकालात निघतात. उघड्यावरचं लायनर साधारण दहा वर्षं चाललं तर नशीब समजायचं. निगा राखली तर दोन-तीन वर्षं जास्त.

सुरकुत्या कधी कधी ढिल्या बसवण्यानेही पडतात, ते खरं. पण आपल्याकडे बघायचं ते पावसाच्या पाण्याकडे. ते मुळात किंचित आम्लधर्मी, वरून पूलमध्ये क्लोरीनच्या आम्लधर्मी गोळ्या, आणि चार महिने पीएच कोणी तपासत नाही. पीएच सातच्या खाली बरेच दिवस राहिला की व्हिनाइल पाणी पितं, फुगतं आणि घड्या पडतात. बसवणारा त्याला काय करणार?

रंगाबद्दल फॉरवर्ड बरोबर आहे, नाइलाजाने कबूल करतो. नुसता फिका पडला म्हणून लायनर बदलायला सांगणारे आहेत, आणि ती लूटच. भोक पडलं तरी त्याच व्हिनाइलचा तुकडा पाण्याखाली चिकटवून वर्ष-दोन वर्षं काढता येतात. पण चिरांना त्याच ओळीत बसवणं हा आगाऊपणा झाला. पाण्याच्या रेषेच्या वरचा, उन्हाने भाजलेला भाग बोटाने दाबून बघा. मऊ लागला तर थांबा. पुठ्ठ्यासारखा कडक, बारीक चिरा पडलेला, किंवा वरची कड पूलच्या काठावरच्या पट्टीतून पुन्हा पुन्हा निसटत असेल तर ठिगळं लावू नका, बदला. तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये. विहीर खाली गेलेली असते, उन्हाने नवीन व्हिनाइल लवचीक राहतं आणि परीक्षांमुळे पाहुणे कमी.

राहिलं उन्हाने पाणी घटण्याचं. मे महिन्यात दिवसाला पाव इंच ठीक. आतेभावाचं एक इंच जात होतं, म्हणजे रोज पावणेपाचशे लिटर, आणि फॉरवर्ड वाचून तो निर्धास्त होता. बादलीत पूलचं पाणी भरून ती पूलच्याच पायरीवर ठेवायची, आत-बाहेर खूण करायची, चोवीस तासांनी बघायचं. पूलची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर गळती.

त्याने काल पूल पुन्हा भरला आणि बादली ठेवली. रात्री दहाला सर आली, वरच्या फरशीवरचं सगळं पाणी पूलमध्ये उतरलं आणि खुणा बुडाल्या. आता उघडीप मिळाली की पुन्हा ठेवणार आहे.