"फसवता" या शब्दाबद्दल

नमस्कार ताई,

अमेरिकेतल्या मार्केटप्लेसची (सरकारी विमा-बाजाराची) नोंदणी आणि बायकांच्या मोफत तपासण्या यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं वाचलं. वाचून राग आला, म्हणून दोन दिवस थांबले. तो अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगते.

तारखेचं तुमचं बरोबर आहे. १५ डिसेंबर ही शेवटची तारीख, असं मी लिहिलं होतं. ती १ जानेवारीपासून विमा सुरू व्हायला हवा असेल त्यांच्यासाठी होती. २०२६ च्या विम्याची नोंदणी हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर १५ जानेवारीपर्यंत चालू होती. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण पुढचं वाक्य: "मॅमोग्राम मोफत म्हणून सांगता आणि बायकांना फसवता, मला बिल आलं." (मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा एक्स-रे.)

फसवता? चुकलात म्हणा, अर्धवट लिहिलंत म्हणा, मी ऐकून घेईन. फसवणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळवायचं असतं. मी कुठल्या कंपनीची एजंट नाही. आठ वर्षं दर नोव्हेंबरात शनिवारी लायब्ररीत बसून बायकांचे फॉर्म भरून देते, एका पैशाशिवाय. असा शब्द लिहिण्याआधी माणसाने लेख तरी शेवटपर्यंत वाचावा. "तक्रार नसताना केलेली तपासणी" हे शब्द त्यात दोनदा आहेत.

आणि तुम्हीच लिहिलंय, "हाताला गाठ लागली म्हणून गेले." अहो, तिथेच तर सगळं आहे! २०१० च्या कायद्याखाली, म्हणजे ओबामाकेअरखाली, बायकांच्या मोफत तपासण्यांची जी यादी आहे, ती स्क्रीनिंगची, म्हणजे तक्रार नसताना करायच्या तपासण्यांची आहे. चाळिशीनंतरचा मॅमोग्राम, पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी), आणि सोबत गर्भनिरोधकं, वर्षाची वेल-वुमन व्हिजिट (डॉक्टरकडची नेहमीची तपासणी): डॉक्टर विमा कंपनीच्या नेटवर्कमधला असला की कोपे (भेटीमागे भरायची रक्कम) नाही, डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) नाही. गाठ लागली म्हणून केलेला मॅमोग्राम डायग्नॉस्टिक, म्हणजे तक्रारीच्या निदानासाठीचा, ठरतो. मशीन तेच, खोली तीच, बिलावरचा कोड वेगळा. दोन्ही बाजूंच्या स्क्रीनिंगला ७७०६७, डायग्नॉस्टिकला ७७०६६. स्क्रीनिंगमध्ये काही संशयास्पद दिसलं आणि पुढची सोनोग्राफी किंवा एमआरआय लागला, तर २०२६ पासून सुरू होणाऱ्या प्लॅन-वर्षांत तोही मोफत धरायचा आहे. हा फरक अन्यायाचा आहे, असं मलाही वाटतं. पण तो मी केलेला नाही.

"ज्यांनी विम्याशिवाय एक दिवस काढला नाही त्यांनी हे लिहू नये," असंही म्हणालात. तुम्हाला कोणी सांगितलं? २००९ मध्ये माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. कोब्राचा (नोकरी गेल्यावर तोच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायच्या सोयीचा) हप्ता आमच्या घरभाड्याहून जास्त होता. ग्रीनकार्डला पाच वर्षं झाली नव्हती, म्हणून मेडिकेडचं, कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याचं, दार बंद. त्या मार्चमध्ये आंघोळ करताना डाव्या काखेजवळ बोटाला गाठ लागली, वाटाण्याएवढी. मी डॉक्टरकडे गेले नाही. पैसे नव्हते, आणि कागदावर नोंद झाली तर पुढे कुठलीच कंपनी विमा देणार नाही, ही भीती होती; तेव्हा पूर्वीच्या आजारावरून सरळ नाकारायचे. सात महिने रोज सकाळी साबणाचा हात तिथे जाऊन थांबायचा. नवऱ्यालाही सांगितलं नाही. शेवटी गाठ पाण्याची निघाली. पण ते सात महिने माझे गेले ते गेलेच, म्हणून मी हे लिहिते. आता कोणा बाईने पैशापायी असं थांबू नये म्हणून.

मेडिकेड घेणारे डॉक्टर मिळत नाहीत, हप्ते वाढले, फोनवर तासभर लटकवतात, हे बाकीचे मुद्दे असतील खरे. त्या लेखाचा तो विषय नव्हता.

तुमच्या बिलाचं मात्र बघूया. आधी विमा कंपनीकडून आलेला तो कागद काढा, ज्यावर "हे बिल नाही" असं छापलेलं असतं. त्यात कोड नसेल, तर दवाखान्याकडून तपशीलवार बिल मागून घ्या. गाठ दाखवूनही चुकून ७७०६७ लागला असेल आणि तरी पैसे मागत असतील, तर अपील करता येईल. नकाराच्या पत्रापासून १८० दिवस असतात, तेवढी तारीख जपा. मला मेल करा, पत्र मी लिहून देईन.

आणि तो शब्द मागे घ्या.