फिजिओ 'लूट' आणि पलंग 'औषध'? त्या फॉरवर्डला उत्तर

'सत्तरीनंतर फिजिओथेरपी म्हणजे शुद्ध लूट' हा लांबलचक मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आधीही फिरून गेला होता. तेव्हा दुर्लक्ष केलं. या वेळी तो वाचून साताऱ्याच्या आत्यानं घरी येणाऱ्या फिजिओला "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं. खुब्याचं हाड मोडून नुकतंच ऑपरेशन झालंय तिचं. पाठवणाऱ्या काकांनी खाली हात जोडलेली इमोजी टाकली आहे, म्हणून रागाला जरा आवर घालून लिहितो.

दावा पहिला, आणि सगळ्यात घातक: 'ऑपरेशननंतर तीन महिने पलंगावरून उतरू नये, हाड आपोआप जुळतं.'

अहो, ऑपरेशन करतात ते माणूस लवकर उभा राहावा म्हणूनच. पूर्वी पायाला वजन बांधून महिनोन्‌महिने झोपवून ठेवत. त्यात म्हातारी माणसं हाडापायी जात नसत. न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, रक्ताच्या गुठळ्या यांनी जात. उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची मार्गदर्शक सूचना तर सांगते, की वैद्यकीय अडचण नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवा. २००७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता. सरासरी ६७ वर्षांच्या, धडधाकट माणसांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. यांचं ना हाड मोडलं होतं, ना ऑपरेशन झालं होतं. तीन महिन्यांचा हिशेब मेसेज लिहिणाऱ्यानं करावा.

काही फ्रॅक्चरमध्ये सर्जन 'पायावर वजन देऊ नका' म्हणतात, हे खरं. पण ते सर्जननं सांगायचं, व्हॉट्सअ‍ॅपनं नाही. आणि तेव्हाही पलंगावर पडल्या पडल्या घोटे हलवणं, मांडी आवळणं हे व्यायाम असतातच.

दावा दुसरा: 'या वयात व्यायामाचा उपयोग शून्य.' न्यूझीलंडमध्ये ८० आणि त्यापुढच्या २३३ बायकांवर झालेला अभ्यास १९९७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. निम्म्या बायकांना फिजिओनं घरी जाऊन पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम शिकवले. उरलेल्यांकडे तितक्याच वेळा नुसतं गप्पा मारायला कुणीतरी गेलं. वर्षभरात गप्पावाल्या बायका १५२ वेळा पडल्या, व्यायामवाल्या ८८ वेळा. या काही ऑपरेशन झालेल्या बायका नव्हत्या, मान्य. पण 'या वयात' काही होत नाही म्हणणाऱ्यांना ऐंशीच्या पुढचं आणखी कुठलं वय हवंय?

'फिजिओपेक्षा तिळाच्या तेलानं मालीश बरी.' मालीश करून बरं वाटतं, वाटू दे. पण मालीश करून घेताना आत्या आडवी असते; तिला शिकायचंय खुर्चीतून उठायला. आणि ऑपरेशननंतर पोटरी सुजली, दुखायला लागली, तर तिला मालीशवालीचा हात मुळीच लागू देऊ नका. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तेव्हा थेट डॉक्टर गाठायचा.

'चालल्यानं गुडघे झिजतात.' नाही. मांडीचे स्नायू दुबळे झाले की गुडघ्याला जास्त त्रास होतो. पुढे.

राहिला लुटीचा आरोप. इथे, नाइलाजानं, थोडं मान्य करावं लागेल. घरी येऊन करंटचं मशीन लावायचं, स्वतः मोबाइल बघत बसायचं, वीस मिनिटांनी वायरी काढून पैसे घ्यायचे आणि महिनोन्‌महिने पॅकेज चालू ठेवायचं, असे महाभाग आहेत. पण मगाचचाच अभ्यास बघा. त्यात फिजिओ पहिल्या दोन महिन्यांत मिळून चारदा घरी आला. बाकीचा व्यायाम बायकांनी आपला आपण केला. नुकत्याच ऑपरेशन झालेल्या माणसाला जास्त फेऱ्या लागतील, पण दिशा हीच हवी. म्हणून येणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारा. या आठवड्यात आधार न घेता किती वेळा उठता आलं, वॉकर कधी सुटणार, संडासला एकटीनं कधी जाता येईल, हे विचारा. प्रत्येक वेळी उत्तर नुसतं "करंट दिलाय" असंच आलं, तर फिजिओ बदला.